भांडाराचा मसाला

"भांडाराचा नको हो, कंपनीचा द्या. टीव्हीवर दाखवतात तो," काउंटरवरची बाई म्हणाली. मधुकरने खाकी पाकिटं पुन्हा बाजूला सारली. मुलुंडच्या त्या ग्राहक भांडाराचा तो मॅनेजर. पाकिटांवर भांडाराचा निळा शिक्का होता आणि आतला गोडा मसाला मागच्या खोलीत प्रेमा नावाच्या मुलीने भाजून कुटलेला. तिला कामाला लागून पंधराच दिवस झाले होते. या महिन्यात खपला नाही तर मसालाही बंद आणि तूही, असं मधुकरने तिला स्पष्टच सांगितलं होतं.

"मला द्या त्यातली दोन," मागून कोणीतरी म्हणालं.

पायात बूट, अंगात लोकरी कोट, बोलणं मात्र इथलंच. लंडनहून आलेली जानकी.

"अहो, गोणीतला तळ भरतात त्यात," पहिलीने तिला सावध केलं. "कंपनीला नावाची काळजी असते. दुकानाला काय?"

"तिकडे उलटं आहे. मोठ्या दुकानाने स्वतःच्या नावाने काढलेलं पाकीट बायका आधी उचलतात. चहा म्हणा, बिस्किटं म्हणा. घरचं वाटतं त्यांना."

"आपल्याकडे घरचं वाटलं की कोणी पैसे देत नाही, बाई," मधुकर हसला.

जानकीने पाकिटाचा कोपरा फाडून नाकाशी नेला आणि ती तशीच उभी राहिली. मागच्या खोलीच्या दारातून प्रेमा बघत होती. आता ही बाई काय खोड काढते?

"कोणी केला हा?"

"मी, ताई."

"चल, मला दाखव कुठे करतेस ते."

मागच्या खोलीत शेगडीवर कढई तापलेलीच होती. प्रेमाने धणे टाकले. जानकी पोत्यावर बसली.

"वासावरूनच कळलं, इतके लाल धणे कोणी करत नाही गं. आणखी क्षणभर ठेवले तर जळतील. असे फक्त माझी आई उतरवायची. याच खोलीत, बारा वर्षं. सुंदराबाई." ती वाकून कढईत बघू लागली. "ती गेली तेव्हा मला यायला जमलं नाही. तुला कोणी शिकवलं?"

"शिकवलं असं नाही. वेळ झाली की आतल्या बाई 'पुरे' म्हणतात, मग मी उतरवते."

"कुठल्या बाई?"

प्रेमाने लोटलेल्या दाराकडे बोट केलं. बाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं. आपल्या आधी येत असतील, नंतर जात असतील, असं ती धरून चालली होती. मोठ्या माणसाला हटकायचं कसं?

जानकीने दार उघडलं. आत छतापर्यंत रिकामी खोकी होती. मध्ये जेमतेम एक माणूस बसेल एवढी जागा. दुसरं दार नव्हतं, खिडकीही नव्हती.

प्रेमाच्या हातातला झारा थांबला. सकाळीसुद्धा तिने तो आवाज ऐकला होता. "ताई, आईशपथ..."

"तू भाज," जानकी हळूच म्हणाली. "थांबू नकोस."

प्रेमा परतत राहिली. धणे पिवळे झाले, मग तांबूस. बाहेर काउंटरवर मधुकर कोणाला तरी साबणाचा भाव सांगत होता. आत जानकी त्या उघड्या दाराशीच उभी होती.

मग खोक्यांच्या मधून तोच शांत, थोडा घोगरा आवाज आला. पण शब्द वेगळे होते.

"जानू, कधी आलीस गं?"

जानकीने पायातले बूट काढले, दाराशी नीट लावून ठेवले.

"आजच, आई," ती म्हणाली. आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

धणे लाल झाले होते. प्रेमाने पहिल्यांदाच आपल्या अंदाजाने कढई उतरवली. दाराकडे पाठ करायचं मात्र तिला धाडस झालं नाही.