कोरडं खुराडं

सहाही कोंबड्या पावसात उभ्या होत्या, आणि दहा पावलांवरचं त्यांचं खुराडं कोरडं, उघडं आणि रिकामं होतं.

सुताराच्या बायकोने चौथ्यांदा एकेकीला उचलून आत ठेवलं. ती दार लावायला वळेपर्यंत पहिल्या दोघी तिच्या पायांमधून निसटल्या आणि कपडे धुवायच्या दगडामागे अंग चोरून उभ्या राहिल्या. मागोमाग बाकीच्या. सातवी घरात होती, टोपलीत, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली. श्वास घेताना तिच्या गळ्यात घुरघुर होत होती.

"कोंबड्यांना कुठली आलीय अक्कल," पायरीवर उभा असलेला सुतार म्हणाला. "तीन आठवडे खपलोय मी त्यावर. चार दिवस झोडपतोय पाऊस, एक थेंब आत गेलेला दाखव."

ते खरंच होतं. फळीला फळी अशी बसली होती की मधून पोस्टकार्डही सरकलं नसतं. छपरावर डांबर, सांध्यांच्या फटींत लांबीचा लेप, दाराला रबराची पट्टी. गल्लीतली माणसं मुद्दाम येऊन बघून गेली होती.

"उद्या ताईकडचा टेम्पो येतोय," बायको म्हणाली. "सगळ्या तिच्याकडे जाऊ देत. इथे एकेक करून मरण्यापेक्षा तिथे जगतील तरी."

सुतार पायरी उतरून खुराड्यापाशी आला.

ती घरात जायला निघाली आणि थबकली. ठिपक्यांची कोंबडी खुराड्याच्या दारापर्यंत गेली होती. तिने मान आत घातली, क्षणभर तशीच राहिली आणि परत पावसात येऊन उभी राहिली. घाबरली नव्हती. आत साप असता तर तिने गल्ली डोक्यावर घेतली असती. तिने जणू आत डोकावून नको म्हटलं होतं.

"ही काय बघून येते?" बायको स्वतःशीच म्हणाली. तिने बाह्या वर सारल्या, गुडघे टेकले आणि रांगत खुराड्यात शिरली.

"अगं, काय चाललंय तुझं?"

"दार लावा."

"लोक बघतायत."

"बघू देत. लावा तुम्ही."

दार लागलं. आधी बरं वाटलं. पावसाचा आवाज लांब गेला, अंगाला ऊब आली. मग ती कोंबड्या बसतात त्या दांडीपर्यंत डोकं वर नेऊन बसली आणि नाकात काहीतरी चरचरलं. पाठोपाठ डोळे झोंबायला लागले. तिने खालचा भुसा मुठीत दाबला. तो ओला होता. पाऊस आला नव्हता, पण भिजलेल्या पायांनी आणलेलं पाणी, विष्ठा, सात जणींच्या श्वासाची वाफ, सगळं चार दिवस आतच मुरत होतं. फळ्यांना आतून घाम फुटला होता. शंभर मोजेपर्यंत बसायचं तिने ठरवलं होतं. साठालाच दार ठोठावलं.

"गळतंय का?" सुताराचा चेहरा उतरला होता.

"नाही. थेंबसुद्धा नाही."

"मग?"

"तुम्हीच बसून बघा."

"कोंबड्यांच्या घरात कोण बसतं?"

"कोंबड्या."

सुतार दारापाशी वाकला. मग दुखरा गुडघा सांभाळत तो आत शिरला आणि तिने बाहेरून दार लोटलं. आतून फळ्यांवर बोटं वाजवल्याचा आवाज आला. तो सांधे तपासत होता. मग आवाज थांबला. मग खोकला.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. वळचणीखालच्या सर्वांत वरच्या फळीवरून त्याने एकदा हात फिरवला, जरा जास्तच वेळ. मग घरात जाऊन करवत घेऊन आला.

पावसाचा झोत पोचणार नाही अशा दोन बाजूंना, अगदी छपराखाली, त्याने वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी निघाली तशी आतली वाफ झाकण उघडल्यासारखी बाहेर आली. त्याने तिथे जाळी ठोकली. बायकोने ओला भुसा फावड्याने ओढून काढला आणि कोरडा पसरला. ते उरकेपर्यंत दोघंही चिंब झाली.

ठिपक्यांची आली. मान आत घातली. या वेळी ती बराच वेळ तशीच राहिली. मग एक पाय आत, मग दुसरा. बाकीच्या तिच्या मागून गेल्या. शेवटचीने उंबऱ्यावर पंख झाडले आणि सुताराच्या तोंडावर पाणी उडवलं.

"टेम्पो?" तोंड पुसत त्याने विचारलं.

"नको म्हणून कळवते. टोपलीतली काय करते ते बघू."

संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली. पाऊस होताच. कढईत कांदा पडला, धूर उठला, तिने नेहमीसारखा खांद्याला डोळा पुसला. ही खोलीही सुतारानेच बांधली होती, तशीच, कुठे फट न ठेवता. एरवी ताट वाढल्याशिवाय तो इकडे फिरकत नसे. आज तो स्टूल घेऊन आला आणि चुलीजवळ, ती उभी होती तिथेच, बाजूला बसला.

"भूक लागली का?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

"तुझं चालू दे," तो म्हणाला, आणि धुराने झोंबणारे डोळे मिचकावत भिंत छपराला मिळते तिकडे वर बघत राहिला.