चालतंय की

दिव्यांग पेन्शनचा अर्ज आणि त्यासोबत आलेले दोन पट्टे शालनने चार महिने फडताळात दडवून ठेवले होते. घरातल्या एका माणसाने पट्टा बांधून अर्जदाराचं दुखणं मिनिटभर स्वतःच्या अंगावर सोसायचं, अशी अट होती. घरात नवऱ्याशिवाय होतं कोण? सरकारला कळलं तर कळू दे, पण आनंदाला कळायला नको. तिच्या अपघाताला सहा वर्षं झाली होती. तो रोज विचारायचा, "कंबर कशी हाय?" आणि ती रोज म्हणायची, "चालतंय की."

आज चष्मा शोधताना त्याला ते सगळं सापडलं. अर्ज वाचून त्याने एक पट्टा तिच्या कमरेला बांधला, दुसरा स्वतःच्या, आणि बटण दाबलं.

दहाव्या सेकंदाला तो ओट्याला धरून खाली बसला. पण मिनिट भरेपर्यंत त्याने पट्टा सोडला नाही.

"रोज एवढं?" घाम पुसत त्याने विचारलं. "आन् उभ्यानं भाकऱ्या थापतीस?"

"चालतंय की," सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

आनंदाने अर्ज तिच्यापुढे सरकवला.

शालनने सहीसाठी पेन घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द चालला नव्हता.