जुनाट तक्रार

दवाखान्याच्या पडद्यावर आज पुन्हा नवा चेहरा उमटला. कालचा दाढीवाला होता, ही चष्मेवाली. यंत्रच ते, रोज दुसऱ्याच डॉक्टरचं रूप घ्यायचं आणि आदलं सगळं विसरायचं. नवऱ्याच्या छातीतल्या कळेची कथा पहिल्यापासून सांगून सांगून कलावतीबाईंच्या तोंडाला फेस आला होता.

"काय तक्रार आहे?" पडद्याने गोड आवाजात विचारलं.

"तक्रार अशी की इथं कायमचा डॉक्टर नाही!"

"कधीपासून?"

"मागल्या शिमग्यापासून."

"कुठे जाणवतं?"

"अख्ख्या गावात, बाई."

"औषधाने आराम पडतो?"

"औषध देणाराच रोज बदलतो, आराम कुठला पडतोय!"

पडद्यावरची चष्मेवाली म्हणाली, "आजार जुनाट आहे. अंगावर काढू नका. उपचार लिहिते: डॉक्टर एक, कायमचा."

यंत्राने लिहिलेला उपचार वरच्या कचेरीला नाकारता येत नसे. सोमवारच्या एसटीतून एक तरुण डॉक्टरीण बॅग सावरत उतरली. तिने कलावतीबाईंच्या नवऱ्याची छाती तपासली आणि विचारलं, "आता कसं वाटतंय, काका?"

काकांच्या आधी कलावतीबाईच बोलल्या, "उद्या हे तुम्हीच विचारणार ना?"

"मीच. परवासुद्धा."

"मग बरं वाटतंय त्यांना."