मूळ प्रत

“मूळ राजपत्र मिळालं नाही म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा,” कोर्टाच्या पायऱ्यांवर सरकारी वकील देऊळकर हसून म्हणाले. “मीही ताणून धरत नाही. म्हातारीचं भलं होईल.”

ॲडव्होकेट रेवती नाचणे हिने त्यांना दाखवलेला कागद पिशवीत परत ठेवला. पेन्शनचा नियम एकच, पण दोन वेबसाइटवर त्याचा मजकूर दोन तऱ्हेचा निघाला होता. देऊळकरांच्या प्रतीत शेवटची ओळ होती, रोजंदारीवरच्यांना हा नियम लागू नाही. तिच्या प्रतीत ती ओळच नव्हती. मागच्या तारखेला तिनेच ठणकावून मूळ राजपत्राचा आग्रह धरला आणि न्यायाधीशांनी ते शोधायचं काम तिच्याच गळ्यात घातलं.

काल सरकारी संग्रहाच्या साइटवर अखेर त्याचं स्कॅन सापडलं. पान तिरकं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शिक्का स्वच्छ. शिक्क्याच्या वर ती ओळही तितकीच स्वच्छ.

“खरा कागद आला की निकाल आपलाच, असं तुम्हीच म्हणाला होतात ना, वकीलबाई?” दारात तिच्या अशील वत्सलाबाईंनी विचारलं. त्यांचा नवरा पाटबंधारे खात्यात जन्मभर रोजंदारीवर राबला होता; त्याच्याच पेन्शनसाठी हा दावा होता. रेवतीला त्यांच्याकडे बघवेना.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “मिळालं का राजपत्र?”

देऊळकरांनी हळूच नकाराची मान हलवून दाखवली. रेवतीने पिशवीत हात घातला. कागद बोटांना लागला आणि तिने तो बाहेर काढला.

“मिळालं, साहेब.”

मागच्या बाकावर वत्सलाबाईंनी आनंदाने हात जोडले.