राखाडी कोट

जे जीव न बोलता दिलेल्या अभयावर विसंबून आपल्या दाराशी घरटी करतात, त्यांची पिले पोरकी झाली तर त्यांचा भार त्या दाराच्या धन्यावरच येतो. ओडलेव्हच्या दाराशी त्या सकाळी असा भार चार पिलांचा होता. आयडर जातीची बदकीण त्यांना प्रथमच पाण्याकडे नेत असताना गरुडाने तिला उचलले होते.

पक्ष्यांचे सारे त्याची बायको गुन्वर पाहत असे. दर वसंतात ही रानबदके समुद्रावरून बेटावर येत आणि होड्या ठेवायच्या नावघराच्या जोत्याखाली तिने रचलेल्या दगडी खणांत, वाळल्या शेवाळाच्या गादीवर अंडी घालीत. त्या दिवसांत बेटावर कुत्रे फिरकू द्यायचे नाही, आवाज चढवायचा नाही, आणि पक्ष्यांत वावरणाऱ्याने रोज तेच एक वस्त्र अंगावर घ्यायचे, असा नेम होता. ओडलेव्हने हे केवळ ऐकलेले. त्याचा प्रत्येक वसंत उत्तरेच्या मासेमारीत गेला. तो परते तेव्हा बदके पिलांसह निघून गेलेली असत, आणि खुंटीवर त्याच्यासाठी नवा निळा स्वेटर विणून तयार असे. अंगावरचा जुना ती धुवायला म्हणून घेई. पुढे तो कुठे जाई, हे त्याने कधी विचारले नव्हते.

हिवाळ्यात गुन्वर गेली. या वर्षी तो प्रथमच घरी राहिला, आणि बदके आली तेव्हा त्याने तिचा राखाडी कोट अंगात चढवला. खांद्यांवर तो ताणला जाई. तरी पक्षी फसत नव्हते. तो जवळ गेला की त्यांच्या माना ताठ होत, चोचींतून फिस्कारे निघत. काही माद्या तर घरटी टाकून शेजारच्या बेटावर गेल्या होत्या. आपण गुन्वर नव्हे हे त्यांना उमगले आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते.

पिलांसाठी त्याने पैलतीरावरून योरुनला, म्हणजे गुन्वरच्या बहिणीला, तिच्या खुडूक कोंबडीसह बोलावून घेतले. योरुन होडीतून उतरली आणि त्याला पाहून थबकली.

"काय रे म्हाताऱ्या, हा कोट घालून कुठे निघालास? चर्चला?"

"चेष्टा पुरे. कोंबडी दे इकडे."

कोंबडीने कुचराई केली नाही. पिलांना तिने पंखांखाली घेतले, ऊब दिली, दाणे उकरून दाखवले. पण पिलांचे दाण्यांकडे लक्ष नव्हते. अंगात ऊब येताच ती तुरुतुरु पाण्यात उतरली, आणि कोंबडी काठावर उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडू लागली. सीगलने एक पिलू उचलले, तरी तिला पाण्यात पाऊल घालता येईना. ओडलेव्हने कोट काठावर फेकला आणि तो गुडघाभर पाण्यात शिरला. तीन हाती लागली. ती गारठून थरथरत होती. त्याने ती कोटात गुंडाळली.

"हिच्याच्यानं नाही व्हायचं," कोंबडीला काखेत घेत योरुन म्हणाली. "नावघराखाली त्या कडेच्या बदकिणीची अंडी आजच फुटलीत ना? तिची पिलं ओली आहेत तोवर परकी खपतात. एकदा वाळली की संपलं. गुन्वर असंच करायची."

"ती माझ्यावर फिस्कारते. उठून गेली तर तिची स्वतःचीही मरतील."

"आणि तू नाही गेलास तर ही मरतील. मला तर ती ओळखतही नाही. आता तूच ठरव, बाबा."

ओडलेव्हने ठरवले. तो नावघराच्या जोत्याखाली वाकून शिरला आणि गुडघ्यांवर सरकत त्या कडेच्या खणापाशी पोहोचला. बदकिणीने मान वळवली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले की कोट आपल्या हातांत आहे, अंगावर नाही. अंगावर होता तो मिठाच्या आणि डांबराच्या वासाचा त्याचा निळा स्वेटर. आता मागे सरकावे तर त्या हालचालीनेच ती उडेल. तो श्वास रोखून राहिला.

बदकीण फिस्कारली नाही. तिने त्याच्याकडे पाहिले, आणि मान पुन्हा पिसांत नेली.

त्याने एक पिलू तिच्या पोटाखाली सारले. मग दुसरे. तिसऱ्याच्या वेळी तिने आपण होऊनच पंख किंचित उचलला.

तो बाहेर आला. "घेतली," तो म्हणाला. "तिन्ही घेतली. आणि योरुन, मी कोट घालायचाच विसरलो होतो."

"कोटाचं काय त्यात?"

"गुन्वरचा कोट. तो पाहून तरी ओळखतील म्हणून—"

योरुन म्हणाली, "अरे देवा! तो पक्ष्यांसाठी घालत होतास होय? मला वाटलं, तिची आठवण येते म्हणून. अरे, तो तिचा चर्चचाच कोट. एकाही बदकानं तो कधी पाहिलेला नाही."

"मग पक्ष्यांत ती काय घालायची?"

योरुनने त्याच्या छातीकडे बोट केले. "तुझे जुने स्वेटर. तू दर्यावर असायचास तेव्हा."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या पाण्याबरोबर बदकीण पिलांना घेऊन उतरली. त्यांत पोटची कोणती आणि परकी कोणती, हे कुणालाही सांगता आले नसते. ओडलेव्ह निळ्या स्वेटरात काठावर उभा होता. ती अगदी त्याच्या पायांजवळून गेली.

गेलेलीचे आणि मागे राहिलेल्याचे, पोटच्यांचे आणि पंखांखाली घेतलेल्यांचे, त्या थंड पाण्यावर सदा कल्याण असो.