चटका देणारी चकती

"काकू, सायकलच्या ब्रेकची चकती कशानं पुसलीत?"

"घरच्या दारूनं. आपल्याकडे सगळे त्यानंच पुसतात की!"

"तुमच्या दारूत अक्रोड मुरवलेले असतात! ब्रेकचे पॅड अक्रोडाचं तेल प्यायलेत, मग बोंबलणारच."

चिडचिड करत सिल्वोनं पॅड बदलले. ब्रेकचा आवाज गेला. सायकल दुकानात टांगून, कुलूप लावून तो घरी गेला. सकाळी चकतीला बोट लागलं आणि चटका बसला. जणू कुणी अख्खा घाट ब्रेक दाबत उतरून आलं होतं.

मग रोज सकाळी तेच. या सायकलीनं त्याचं डोकं खाल्लं होतं.

"रेझिकाकाकू, काकांची ना ही? आता चालवतं कोण?"

"ते गेल्यापासून कुणीच नाही. जमत नसेल तर तसं सांग बाबा."

सिल्वोला ते झोंबलं. संध्याकाळी त्यानं पॅडच काढून खिशात घातले. आता बघू कशी तापते!

सकाळी चकती थंडगार होती. "जिरली ना?" तो सायकलीला म्हणाला.

मग त्याला पुढचं चाक दिसलं. त्याचा पार आठचा आकडा झाला होता. तारांमध्ये घाटातल्या देवदाराची ओली पानं अडकली होती. ब्रेकची लिव्हर अजूनही मुठीपर्यंत गच्च दाबलेली होती.