न चिकटणारा गोळा

जाहिरात ठरली होती, वेष्टनं छापून आली होती: ‘आजी-आजोबा, बिनधास्त खा! घशात न चिकटणारा तांदळाचा गोळा!’ कंपनीचे साहेब मात्र साएकोला म्हणाले, “तू बनवलायस ना, तर आधी तुझ्या वडिलांना खाऊ घाल, मगच दुकानात पाठवू.” नववर्षाच्या सकाळी तिने वाफाळत्या सूपमधला गोळा वडिलांपुढे ठेवला. तिचे आजोबा नववर्षाला सूपमध्ये खायच्या रिवाजाचा साधा, चिकट गोळा घशात अडकून वारले होते. अडकलाच तर ओढून काढायला तिने व्हॅक्यूम क्लीनरची नळी हातातच धरली होती. वडिलांनी घास घेतला आणि ते एकदम गप्प झाले. डोळ्यांत पाणी आलं. तिने बोट बटणावर ठेवलं. “बाबा, बोला ना काहीतरी!” “चिकटतच नाही गं,” ते हिरमुसून म्हणाले. “मग नववर्ष कसलं?” त्यांनी झाकून ठेवलेला नेहमीचा चिकट गोळा वाटीत सोडला. “ती नळी तशीच धर हं.”